डार्विनची बिनविरोध निवड

‘आपल्याकडे डार्विनला कधी विरोध झालाच नाही.’ हे वाक्य अलीकडे फार ऐकू येतं, आणि म्हणणारे बहुतेक जण चांगले शिकलेले असतात. २०२३ साली एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांती काढून टाकली, ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणाचं नुसतं ‘आनुवंशिकता’ झालं. १८००हून अधिक वैज्ञानिक आणि शिक्षकांनी खुलं पत्र काढून हरकत घेतली. त्यावर आलेला सूर असा, की एवढा गहजब कशाला? ही काय अमेरिका आहे? करोनाच्या काळात मुलांवरचं ओझं कमी केलं, तेच पुढे चालू ठेवलं. ज्याला हवं त्याच्यासाठी बारावीच्या जीवशास्त्रात धडा आहेच. शिवाय मासा, कासव, डुक्कर हा क्रम आपल्या दशावतारात डार्विनच्या कितीतरी आधी सांगितलेला आहे. आपला धर्म आणि डार्विन यांचं भांडणच नाही!

भांडण नाही, हे मान्य. पण भांडण न होण्याचं एक कारण असंही असू शकतं की समोरचा काय म्हणतोय ते आपण कधी नीट ऐकलंच नाही.

पाश्चात्त्य भांडणांचा इतिहास वाचकांना पाठ आहे. ऑक्सफर्डमधली १८६०ची बिशप आणि हक्स्ली यांची चकमक, शाळेत उत्क्रांती शिकवल्याबद्दलचा डेटन गावातला १९२५चा स्कोप्स खटला, मग अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचे १९६८ आणि १९८७चे निकाल, २००५चा डोव्हरचा निकाल. त्यात शिरत नाही. फक्त डेटनमधली एक गोष्ट ध्यानात ठेवू. ज्या पुस्तकावरून तो खटला गाजला, त्या जॉर्ज हंटरच्या ‘सिव्हिक बायॉलॉजी’मध्ये मानवाचे पाच वंश सांगून गोऱ्यांना सगळ्यांत वरची पायरी दिली होती. म्हणजे विज्ञानाची बाजू लढवणारे ज्या पाठ्यपुस्तकासाठी लढत होते, त्यातही उत्क्रांती म्हणजे एक शिडी होती.

आता आपल्याकडे. दशावतार म्हणजे उत्क्रांती, हा शोध कुणा मठातल्या शास्त्रीबुवांचा नाही. थिऑसॉफीच्या प्रणेत्या मादाम ब्लाव्हाट्स्कींनी तो १८७७ साली, न्यूयॉर्कमध्ये बसून लिहिलेल्या ‘आयसिस अनव्हेल्ड’ या ग्रंथात मांडला. दोन वर्षांनी त्या आणि कर्नल ऑलकॉट मुंबईत उतरले आणि थिऑसॉफीचं बस्तान बसलं. १८८२च्या सुमारास ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन तेच सांगू लागले. ज्याला आपण हजारो वर्षांचं ज्ञान म्हणतो, तो अर्थ दीडशे वर्षांचाही नाही. दशावतार अर्थातच फार जुना. त्याचा हा अर्थ नवा.

तो लावण्याची गरज मात्र खरी होती, आणि तिची टिंगल करावीशी मला वाटत नाही. मिशनऱ्यांच्या शाळेत तुमचे देव म्हणजे डुकरं आणि कासवं असं ऐकून घेतलेल्या पिढीच्या हाती एकदम एक काठी आली. सहा दिवसांत जग निर्माण झालं म्हणणाऱ्यांचा पायाच डार्विनने उखडला होता आणि आपलं काहीच बिघडलं नव्हतं. काळाची तर आपल्याकडे कधी टंचाईच नव्हती. लॉर्ड केल्व्हिन पृथ्वीला जेमतेम दहा-एक कोटी वर्षं द्यायला तयार होता आणि तेवढ्यात उत्क्रांती कशी बसवायची याची डार्विनला काळजी होती. ब्रह्मदेवाचा एक दिवसच ४३२ कोटी वर्षांचा! गुलामीत असलेल्या माणसांनी अशा ठिकाणी छाती फुगवली तर त्यांना दोष कसा द्यायचा?

या वळणाचे दोन अर्थ लावले जातात आणि मला दोन्ही चुकीचे वाटतात. अभिमानी माणसं म्हणतात, हा आपल्या परंपरेचा मोकळेपणा. विवेकवादी म्हणतात, ही शुद्ध भोंदूगिरी. दोघंही एक गोष्ट गृहीत धरतात: दशावताराची सांगड घातली गेली ती डार्विनशी. ती तशी घातली गेलीच नाही. ती घातली गेली हर्बर्ट स्पेन्सरशी.

डार्विनचं म्हणणं थोडक्यात असं. एकाच जातीच्या जीवांत लहानसहान फरक असतात, त्यांतले काही पिढीजात असतात. जगू शकतील त्याहून पुष्कळ जास्त जन्माला येतात. आणि त्या वेळच्या परिस्थितीत ज्यांचा फरक उपयोगी पडतो, त्यांची पिल्लं जास्त उरतात. संपलं. यात कुठे जायचं ठरलेलं नाही, वर-खाली नाही, कुणाची इच्छा नाही. वरचे आणि खालचे जीव असे शब्द वापरायचे नाहीत, असं त्याने एका पुस्तकाच्या समासात स्वतःलाच बजावून ठेवलं होतं. ते त्याला नेहमी पाळता आलं नाही, ही गोष्ट वेगळी. स्पेन्सर या इंग्रज तत्त्वज्ञाची उत्क्रांती याच्या अगदी उलट होती. साध्याकडून गुंतागुंतीकडे, रानटीपणाकडून सुधारणेकडे, तेजोमेघापासून लंडनच्या समाजापर्यंत एकच चढण. ‘सर्वांत लायक तो टिकतो’ हे सूत्रही त्याचंच, १८६४चं. डार्विनने ते ‘ओरिजिन’च्या पाचव्या आवृत्तीत, १८६९ साली, उचललं.

हिंदुस्थानात वाचला गेला तो मुख्यतः स्पेन्सर. आगरकरांवर मिल आणि स्पेन्सरचा ठसा होता. समाज बदलतो आणि बदलायला हवा, हे सांगायला त्यांना ती चढण कामाला आली. विवेकानंदांनी ‘राजयोगा’त पतंजलीचा आधार घेऊन जीवनकलह हे उत्क्रांतीचं कारण म्हणून अपुरं ठरवलं, पूर्णत्व आत आहेच, ते फक्त मोकळं व्हायचं. टिळकांनी मंडालेत लिहिलेल्या ‘गीतारहस्या’त सांख्यांची प्रकृती आणि जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेलची मांडणी शेजारी-शेजारी ठेवून तोलली. १९१४पासून अरविंद घोष ‘आर्य’ मासिकात मनाच्या पलीकडच्या अतिमानसाची पायरी सांगू लागले. माणसं मोठी होती, विचारही गंभीर होता. पण या सगळ्यांत उत्क्रांतीला दिशा आहे, आणि डार्विनने नेमकी तीच काढून घेतली होती. त्या काळी युरोपातले कित्येक जीवशास्त्रज्ञही नैसर्गिक निवडीवर विश्वास ठेवायला तयार नव्हते, त्यामुळे आपल्या लोकांना मागास ठरवण्याचं कारण नाही. पुढे तिकडे १९३० आणि ४०च्या दशकांत आनुवंशशास्त्राने डार्विनला पुन्हा उभं केलं. ते उभं करणाऱ्यांपैकी एक, जे. बी. एस. हाल्डेन, १९५७ साली इथे राहायलाच आले, भारतीय नागरिक झाले. गंमत म्हणजे दशावतारात पृष्ठवंशीयांच्या उत्क्रांतीची ढोबळ कल्पना दिसते असं त्यांनीही म्हणून ठेवलं. त्यांचं तेवढं वाक्य आपण उचललं, नैसर्गिक निवडीचं गणित त्यांच्याकडेच राहू दिलं.

दशावताराला माझा काही आक्षेप नाही. तळकोकणात देवळासमोर रात्रभर रंगणारा दशावतारी खेळ पाहायला बसलेल्या माणसाला जीवशास्त्राची वाण भासत नाही. पण शास्त्र म्हणून पुढे केलात तर शास्त्रासारखे प्रश्न येणारच. मत्स्याच्या पोटी कूर्म जन्मला नाही. परशुराम आणि राम या पुढच्या-मागच्या पायऱ्या, पण ते समोरासमोर उभे राहतात. नववा कोण यावरही एकमत नाही. महाराष्ट्रात काही शिल्पांत बुद्धाच्या जागी विठोबा उभा आहे. आणि प्रत्येक अवतार कामासाठी येतो, ते काम उरकतो. काम ठरलेलं असणं हीच तर डार्विनने नाकारलेली गोष्ट.

आता दोन अलीकडच्या घटना शेजारी ठेवून पाहा. जानेवारी २०१८मध्ये औरंगाबादच्या वैदिक संमेलनात तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री, आणि त्याआधीचे मुंबईचे पोलीस आयुक्त, सत्यपाल सिंह म्हणाले की डार्विन चूक आहे, माकडाचा माणूस झालेला कुणी पाहिलेला नाही, अभ्यासक्रम बदलायला हवा. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढलं, मंत्री प्रकाश जावडेकरांनी सहकाऱ्याला आवरलं. पुढच्याच वर्षी जालंधरच्या विज्ञान काँग्रेसमध्ये आंध्र विद्यापीठाच्या कुलगुरूंनी सांगितलं की दशावताराचा सिद्धान्त डार्विनपेक्षा सरस आहे. एकाने उत्क्रांती खोटी ठरवली, दुसऱ्याने आपलीच ठरवली. वर्तमानपत्रांनी दोघांना एकाच माळेत ओवलं, आणि ते बरोबरच होतं, कारण दोघांच्या डोळ्यांसमोर चित्र एकच होतं: वाकलेलं माकड, मग थोडं ताठ, मग आणखी ताठ, शेवटी रुबाबात चालणारा पुरुष. १९६५च्या एका अमेरिकी पुस्तकासाठी रुडॉल्फ झॅलिंजरने काढलेली ती रांग आज टी-शर्टवरही असते. ती शिडी मानली की ‘मग आत्ताची माकडं माणूस का होत नाहीत?’ हा प्रश्न आलाच. मंत्र्यांच्या बोलण्यात तो होता म्हणून हसलो. दहावीच्या कुठल्याही वर्गात तो निघतो आणि बरेच शिक्षक तो टोलवतात. आजची माकडं आपले पूर्वज नाहीत, भाऊबंद आहेत. पूर्वज दोघांचे सामाईक होते आणि ते आता नाहीत. एवढं उत्तर पुरतं.

म्हणूनच २०२३ला नेमकं काय गेलं ते पाहायला हवं. त्या प्रकरणात माकडापासून सुरुवात नव्हती. होते बारा लाल भुंगेरे, हिरव्या झुडपात राहणारे. कावळ्यांना ते पानांवर उठून दिसतात, म्हणून खाल्ले जातात. एक पिल्लू हिरवं निपजतं, ते दिसत नाही, वाचतं, त्याचा वंश वाढतो. मग दुसरी गोष्ट: पिल्लू निळं निपजतं, कावळ्यांना लाल-निळं दोन्ही सारखंच दिसतं. पण एक हत्ती झुडूप तुडवतो आणि निव्वळ योगायोगाने उरतात ते बहुतेक निळे. तिसरी: झुडपाला रोग पडतो, भुंगेरे उपासमारीने बारीक होतात, रोग गेला की पुढची पिढी पुन्हा धडधाकट, कारण बारीकपणा वारशाने जात नाही. निवड, योगायोग, आणि जे उत्क्रांती नव्हेच ते, तिन्ही एका झुडपात. पुढे त्याच प्रकरणात स्पष्ट लिहिलं होतं की उत्क्रांती म्हणजे प्रगती नव्हे, माणूस हा तिचा कळस नव्हे आणि मानवी वंशांना जीवशास्त्रीय आधार नाही. डेटनच्या पुस्तकापासून दशावतारापर्यंतची शिडी काढून टाकणारं एवढं एक प्रकरण देशभरातल्या मुलांच्या हाती पडत होतं. बारावीला जीवशास्त्र न घेणाऱ्याच्या हाती ते आता पडणार नाही.

आणि पालकांतून ओरड झाली नाही. शिडीच शिकायची असेल तर एक चित्र पुरतं, त्यासाठी प्रकरण कशाला? आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा अजून पहिलाच धडा आहे, हे समाधानाचं. पण तो कसा शिकवला जातो? जोडणारे दुवे: पेरिपॅटस, डकबिल प्लॅटिपस, लंगफिश. अवशेषांगांची नावं लिहा. शास्त्रीय कारणे द्या. मार्क पडतात, विरोध कुणाचाच नाही.

त्याच वेळी वर्गाच्या खिडकीबाहेर काय चाललंय? बीटी कापूस २००२ साली आला, दुहेरी जनुकाचा २००६ला. २०१७च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने त्याच कपाशीची बोंडं आतून पोखरली. भुंगेऱ्यांचीच गोष्ट, फक्त कावळ्याच्या जागी कपाशीनेच तयार केलेलं बीटीचं विष. जी मोजकी अळी त्यातून वाचत होती तिचाच वंश उरत गेला. हे होणार हे आधीपासून माहीत होतं, म्हणून तर बीटीच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याचं वेगळं पाकीट देत. कडेच्या पाच ओळींत किंवा क्षेत्राच्या २० टक्क्यांवर ते लावायचं. तिथे साध्या अळ्या जगतील, विष पचवणाऱ्यांशी त्यांचा संकर होईल आणि प्रतिकार लवकर पसरणार नाही. गुलाबी अळी जवळजवळ कपाशीवरच जगते, तेव्हा तिला दुसरा आसरा नाही. फरदड, म्हणजे वेचणीनंतरही उभी कपाशी, ठेवल्याने तिला उन्हाळ्यापर्यंत खायलाही मिळत राहिलं. पण पाच ओळी मुद्दाम अळीला का द्यायच्या, हे नैसर्गिक निवड ठाऊक असल्याशिवाय कुणाला पटेल? बहुतेकांनी ती पाकिटं बांधावर टाकली. ‘ओळी लावा’ ही सूचना सगळ्यांपर्यंत गेली. का लावायच्या ते फार थोड्यांना कळलं. शेवटी नियमच बदलला. आता बिगर-बीटी सरकी त्याच पाकिटात मिसळून मिळते, म्हणजे शेतकऱ्याला काही समजावून सांगण्याची गरजच उरत नाही.