तलफेची पाच मिनिटं

"बघू या, किती दिवस टिकतंय ते." सिगारेट सोडली असं घरात जाहीर करणाऱ्याला बहुतेक वेळा मिळणारा पहिला आशीर्वाद हा. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. त्या घराने आधीचे निश्चय पाहिलेले असतात. पाडव्याचा, वाढदिवसाचा, डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरून नुसतं "हं" म्हटल्यानंतरचा. पाकीट कचऱ्याच्या डब्यात जातं आणि चार दिवसांनी नवं खिशात येतं, हे शर्ट धुवायला टाकताना बायकोला कळतंच. तेव्हा तिचा संशय हवेतून आलेला नसतो. पण ज्याने सोडलीय त्याच्या कानावर ते वाक्य "तुला जमणार नाही" असंच पडतं, आणि संध्याकाळी चहाच्या वेळी तलफ आली की तेच वाक्य तलफेच्या मदतीला धावून येतं. नाहीतरी जमणार नाहीच आहे, मग आजच ओढली तर काय बिघडलं?

शेल्डन कोहेन आणि एडवर्ड लिक्टेनस्टाइन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी नेमकं हेच तपासून पाहिलं होतं. सिगारेट सोडू पाहणाऱ्याशी त्याचा जोडीदार कसा वागतो, याच्या बारीकसारीक गोष्टी त्यांनी विचारल्या. कौतुक केलं का, सोबत फिरायला गेला का, चिडचिड झाली तेव्हा शांत केलं का. आणि दुसऱ्या बाजूला, मनोबल नाही म्हणून टोमणा मारला का, घाणेरडी सवय म्हणाला का, जमेल याबद्दल शंका काढली का. १९९० साली छापलेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं ते असं, की धीर देणं टोचण्यापेक्षा किती जास्त होतं यावर सिगारेट सुटलेली राहते की नाही हे बरंच अवलंबून होतं. पुढे काही संशोधकांनी जोडीदारांना धीर कसा द्यावा याचं रीतसर शिक्षण देऊन पाहिलं. असे सगळे प्रयोग एकत्र करून तपासले, तर शिकवण्याचा म्हणावा तसा उपयोग झाल्याचं दिसलं नाही. मला त्याचं नवल वाटत नाही. वीस वर्षांच्या संसारात मुरलेला बोलण्याचा सूर एका माहितीपुस्तिकेने बदलायचा कसा?

शिवाय आपल्याकडे धीर देणं आणि सल्ला देणं यांतली सीमारेषा फारच पुसट. पु. लं.च्या 'बटाट्याची चाळ'मधला 'उपास' आठवून पाहा. एक माणूस वजन कमी करायचं ठरवतो आणि अख्खी चाळ त्याला आहार शिकवायला बसते. सिगारेट सोडणाऱ्याचंही तेच होतं. कुणी लवंग धरायला सांगतं, कुणी कोमट पाणी, कुणी ओंकार. गालात तंबाखूची गोळी धरून एखादे मामा फुप्फुसांवर व्याख्यान देतात. त्यांचंही फार चुकत नाही म्हणा. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले आणि धूर न काढता तंबाखू घेणारे २४.४ टक्के. मशेरी लावणाऱ्या आजीला आणि चुना मळणाऱ्या मामांना आपण व्यसनी आहोत असं वाटतच नाही. दोषी एकटा सिगारेटवाला, कारण त्याचा धूर दिसतो.

ही तलफ आहे तरी काय? झुरक्यातलं निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं आणि साधारण दोन तासांत रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. म्हणून दिवसभर थोड्या थोड्या वेळाने शरीर हात पसरतं. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत वाईट. माणूस चिडतो, झोप मोडते, कशात लक्ष लागत नाही, सारखं काहीतरी खावंसं वाटतं. "सिगारेटशिवाय सकाळी पोट साफ होत नाही" ही तक्रार हसण्यावारी नेली जाते, पण निकोटिन बंद झाल्यावर बद्धकोष्ठ होतो हे खरं आहे, आणि तो काही दिवसांत जातो हेही. दोन-चार आठवड्यांत बाकीचा त्रासही बराच निवळतो. डॉक्टरांना विचारून निकोटिनचं च्युइंगम किंवा पट्टी घेता येते, गोळ्या घेता येतात. त्यात कमीपणा मानण्याचं काहीच कारण नाही.

या सगळ्यात कामाची गोष्ट एकच. एक तलफ सुटी धरली तर ती पाच-दहा मिनिटांची असते. ओढा किंवा ओढू नका, ती ओसरते. आयुष्यभर सिगारेट ओढायची नाही हा विचार कुणालाही झेपणारा नाही. पाच मिनिटं मात्र काढता येतात, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी सोबतीने काढली तर पुष्कळच सोपी जातात.

आमच्या सोसायटीत एसटीतून निवृत्त झालेले एक चालक काका आहेत. घाटातल्या रात्रीच्या ड्यूट्या करता करता बिडी लागली, पुढे सिगारेट. घरच्यांनी सगळे उपाय करून पाहिले होते. नातीकडून "आजोबा प्लीज" अशी चिठ्ठी लिहून घेऊन देवघरात चिकटवून झाली होती. शेवटी उपयोगी पडले ते त्यांच्या गाडीवरचे वाहक. ते आता कराडकडे गावी शेती बघतात. त्यांनी काकांना एवढंच सांगितलं, "ओढावीशी वाटली की मला फोन लाव. काय बोलायचं ते मी बघतो." काकांचा फोन गेला की ते सिगारेटचं नावही काढायचे नाहीत. "काय चाललंय?" "काही नाही, बसलोय." "मग ऐक, कारखान्याने उसाला पहिली उचल किती जाहीर केली माहितीये का?" आणि दोघांची जुंपायची. काका जिन्यातल्या कठड्याला टेकून, एका हाताने रिकामा खिसा चाचपत, तावातावाने बोलत असायचे. फोन ठेवेपर्यंत तलफ निघून गेलेली असायची. वाहक स्वतः काही समुपदेशक नव्हेत. पण पंचवीस वर्षं एका गाडीवर काढलेल्या माणसाला कळतं, की समोरच्याला आत्ता उपदेश नको, गप्पा हव्यात.

याचं कारण सरळ आहे. सिगारेट लागते ती सोबतीतच. एखाद्या कंपनीबाहेरच्या टपरीवर सकाळी अकराला उभं राहून पाहावं. कटिंगचे ग्लास, टपरीच्या खांबाला बांधलेली, टोकाशी धुमसणारी काथ्याची दोरी, तिच्याशी वाकून एकामागून एक पेटवणारे चौघे. साहेब कसा आहे, बदल्या कुणाच्या होणार, कुणाचं लग्न मोडलं, सगळ्या बातम्या तिथे. ज्याने सोडली त्याची सिगारेट जाते आणि बातम्याही जातात. तो जागेवर बसून राहिला तर एकटा पडतो, गेला तर धुरात उभा राहतो. अशा वेळी चौघांतल्या एखाद्याने "चल, आज आपण कँटीनमध्ये घेऊ चहा" एवढं म्हटलं, तरी ते दहा भाषणांपेक्षा जास्त आहे. तसं म्हणणारा स्वतः ओढत असला तरी चालेल.

गांधीजींनी आत्मचरित्रात आपल्या पोरवयातल्या धूम्रपानाची हकीकत सांगितली आहे. ते आणि त्यांचा एक नातलग मुलगा काकांनी टाकलेली थोटकं ओढत, मग विडीसाठी नोकराच्या खिशातले पैसे चोरू लागले, आणि मोठ्यांच्या परवानगीशिवाय काहीच करता येत नाही म्हणून वैतागून धोत्र्याच्या बिया खाण्यापर्यंत गेले. धीर झाला नाही, आणि सवय सुटली ती तिथून. लागली दोघांना मिळून आणि सुटलीही दोघांची मिळून.

निकोलस क्रिस्ताकिस आणि जेम्स फाउलर यांनी अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या पाहणीतून हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर दाखवली. १९७१ ते २००३ या काळातली १२,०६७ माणसं आणि त्यांची आपापसातली नाती त्यांनी तपासली. नवरा-बायकोंपैकी एकाने सोडली तर दुसऱ्याने ओढत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी कमी होत होती, मित्राने सोडली तर ३६ टक्क्यांनी. छोट्या कचेरीतल्या सहकाऱ्याचाही परिणाम जवळजवळ मित्राइतकाच, सख्ख्या भावंडाचा मात्र त्याहून कमी. माणसं एकेकटी सुटत नव्हती, टोळक्याटोळक्यांनी सुटत होती. आणि जे मागे राहिले ते वर्षं सरत गेली तसे ओळखीपाळखीच्या वर्तुळात कडेला ढकलले जात होते. सिगारेट ओढणाऱ्यांना तुच्छ लेखून समाज निरोगी होतो असं समजणाऱ्यांनी या शेवटच्या गोष्टीचा विचार करावा. कडेला गेलेल्या माणसाला सोबत कोण देणार? त्याला उरतात ते त्याच्यासारखेच कडेचे.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. मोठ्यांसमोर सिगारेट ओढायची नाही हा आपला जुना रिवाज. पन्नाशीचा मुलगा वडील आले की थोटूक चपलेखाली विझवतो, आणि वडीलही पाहून न पाहिल्यासारखं करतात. एका दृष्टीने हा आदर गोड आहे. पण जे ओढतो हेच कबूल केलेलं नाही, ते सोडलं हे सांगायचं कसं? मग घरात माणूस चार दिवस उगीचच वस्सकन अंगावर येतो, जेवताना दोन पोळ्या जास्त खातो, रात्री गॅलरीत येरझाऱ्या घालतो आणि आईला वाटतं, नोकरीत काहीतरी झालं असेल. बायकांच्या बाबतीत तर हे गुपित आणखी घट्ट. ओढणारी बाई सोडते तेव्हा तिची पाठ थोपटायला बऱ्याचदा एकही माणूस नसतो, कारण तिने आधी ओढत होते असं म्हणायची सोय नाही. तिला "शाब्बास" म्हणण्याआधी लोक "अगं बाई, तूसुद्धा?" म्हणतील.

अशांसाठी तरी तो पाकिटावरचा नंबर आहे. २०१८ च्या सप्टेंबरपासून पाकिटांवर १८००-११-२३५६ हा निःशुल्क क्रमांक छापला जातो. पलीकडे समुपदेशक असतो, न्याय करणारा शेजारी नसतो. गंमत अशी, की ज्याला सुटी सिगारेट घ्यायची सवय त्याच्या हातात पाकीट येतच नाही. त्याला ना तो नंबर दिसतो ना तो भयंकर फोटो. महाराष्ट्र सरकारने २०२० च्या सप्टेंबरात सुटी सिगारेट-विडी विकायला बंदी घातली. आता टपरीवर जाऊन "एक द्या" म्हणून पाहा, म्हणजे बंदीची प्रकृती कळेल.

वयाचा मुद्दा घरातून हमखास निघतो. "साठी उलटली, आता सोडून काय मिळणार?" रिचर्ड डॉल यांनी १९५१ पासून हजारो ब्रिटिश डॉक्टरांच्या सवयी आणि आयुष्यं पन्नास वर्षं टिपून ठेवली. त्यांचा २००४ चा निष्कर्ष असा, की तिशीत सोडणाऱ्याची सुमारे दहा वर्षं वाचतात, चाळिशीत नऊ, पन्नाशीत सहा आणि साठीत सोडली तरी तीन. डॉल स्वतः ओढत असत; फुप्फुसाच्या कर्करोगाच्या आपल्याच अभ्यासातली आकडेवारी समोर येऊ लागली तेव्हा त्यांनी सोडली. तीन वर्षं म्हणजे नातीची दहावी ते बारावी. साठीच्या माणसाला हे आकडे सांगणारं कुणीतरी हवं, त्याच्या उरलेल्या आयुष्याची कीव करणारं नको.

आणि मग घसरणं येतं. पहिल्याच प्रयत्नात कायमची सुटणारे थोडे. बहुतेकांना पुन्हा पुन्हा सोडावी लागते. लग्नाच्या वरातीत, मयताच्या घराबाहेर, निकालाच्या रात्री एखादी ओढली जातेच. त्यानंतर पहिल्यांदा काय ऐकायला मिळतं यावर पुढचं बरंच ठरतं. जिथे ओरडा बसतो तिथे माणूस पुढची लपवून ओढतो, आणि लपवलेली सिगारेट सोडवायला कुणीच येऊ शकत नाही.

आमचे काका मेव्हण्याच्या दहाव्याला गेले होते. नदीकाठी सगळे थांबलेले, कावळा शिवत नव्हता, कुणीतरी पाकीट पुढे केलं आणि त्यांनी लागोपाठ दोन ओढल्या. घरी सांगितलं नाही. रात्री जिन्यात येऊन वाहकांना मात्र सांगितलं. पलीकडून "दोनच ना? बरं" एवढंच आलं, आणि लगेच "तुझा तो कारखान्याचा चेअरमन यंदा काय म्हणतोय वाचलंस का पेपरात?" काकांनी वाचलं होतं. त्यांचं म्हणणं वेगळं होतं. तो सगळा आठवडा आमच्या जिन्यात उसाच्या दरावरून कडाक्याचं भांडण चालू होतं.