शंभर शब्दांचे उत्तर

गौरी जेवल्या त्या संध्याकाळी आमच्या आळीतली एक मुलगी बालवाडी-शिक्षिकेच्या अभ्यासक्रमाचा छापील अर्ज घेऊन माझ्याकडे आली. नाव, गाव, जन्मतारीख, सारे तिने सुवाच्य अक्षरात भरले होते. एकच रकाना कोरा होता. 'आपणांस लहान मुलांची शिक्षिका का व्हावयाचे आहे? शंभर शब्दांत लिहा.'

"मावशी, तुम्ही कादंबऱ्या लिहिता," ती म्हणाली. "शंभर शब्द म्हणजे तुमच्या हातचा मळ. एवढं लिहून द्या ना."

ठेवून जा, म्हटले. गौरींचे विसर्जन झाले, पितृपक्ष सरला, घटही उठले. कागद माझ्या टेबलावर तसाच पडून. पंचवीसांहून अधिक वर्षे बालवाडीत काढलेल्या बाईला या एका प्रश्नाचे उत्तर लिहिता येऊ नये, याची मला लाज वाटू लागली.

तसे ठरलेले उत्तर सर्वांनाच ठाऊक आहे : 'मला लहान मुले फार आवडतात.' पण आवडतात म्हणजे कोणती? न्हाऊमाखू घातलेली, हसरी, गळ्यात हात टाकणारी मुले कोणाला आवडत नाहीत? ज्याचे नाक सदा वाहते, जो शेजारच्याला चावतो, जो तुम्ही जवळ घेतले की अंग चोरतो, तो आवडतो का, हे कोणी विचारत नाही. आणि पुष्कळदा आपल्याला मुले आवडतात म्हणजे आपण मुलांना आवडतो, हे आवडत असते. दाराशी पाऊल टाकताच वीस चिमण्या तोंडांनी 'बाई आल्या, बाई आल्या' असा गजर केला की कोणाही बाईला आपण कोणीतरी आहोत असे वाटते. घरी तिला विचारणारे कोणी नसले तर अधिकच वाटते.

माझी स्वतःची कारणे तर सांगण्यासारखीच नव्हती. १९९६ साली मी दहावी झाले. माझे वडील त्याला शेवटपर्यंत 'मॅट्रिक'च म्हणत. पुढे शिकवण्याची ऐपत नव्हती. गावातल्या एका संस्थेच्या बालवाडीत मदतनीस हवी होती. वेळ सकाळची, म्हणजे दुपार मोकळी. आणि मला तर चोरून कथा लिहायची खोड लागलेली. 'बालवाडीत शिकवते' हे स्थळ बघायला येणाऱ्यांना सांगायला बरे, असे आईचे मत पडले. एवढ्या पुंजीवर मी बाई झाले. मुलांचा विचार त्यात कोठेच नव्हता.

पुढे संस्थेने मला शिबिराला धाडले. तिथे मी ताराबाई मोडकांची हकीकत ऐकली. राजकोटच्या स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्यपद सोडून ही विदुषी भावनगरला गिजुभाई बधेकांकडे लहान मुलांत काम करायला गेली. पुढे १९४५ साली तिने बोर्डीला ग्रामबालशिक्षणाचे काम उभे केले. बालविधवा म्हणून आयुष्य वाट्याला आलेल्या अनुताई वाघ त्याच वर्षी तिच्याबरोबर गेल्या. तेव्हा त्यांची पस्तिशी आली होती. ऐकताना मी मनात म्हटले, कारणे असावीत तर अशी! परंतु आता या वयात मला त्यांच्या कारणांपेक्षा त्यांची एक कृती मोठी वाटते. वाड्यावरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या बाया बालवाडी त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. 'अंगणवाडी' आली ती अशी. १९७५ साली सरकारने आपल्या योजनेत तोच शब्द देशभर नेला. पोरे गुरांमागे रानात जातात, तर कुरणातच शाळा भरवू, म्हणून कोसबाडला कुरणशाळा निघाली. मूल आपल्याकडे येत नाही यात मुलाचा दोष नाही, एवढे त्यांनी धरून ठेवले होते.

मी ते धरले नव्हते. त्याची गोष्ट कबूल केली पाहिजे.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत चार वर्षांची एक मुलगी बालवाडीत आली. जूनमध्ये आली ती डिसेंबरपर्यंत एक शब्द बोलली नाही. घरी पोपटासारखी बोलते, असे तिची आई शपथेवर सांगे. घरी बोलणारे मूल शाळेत मुके होते, याला आता मानसशास्त्रात नाव आहे, उपचार आहेत. तेव्हा आमच्याकडे त्याला हट्ट म्हणत. मी तिला पुढच्या रांगेत बसवले, गोळ्या दिल्या, गोष्टी सांगितल्या. सारे गाव म्हणेल, 'बाईंनी मुकीला बोलते केले!' असे एक चित्र माझ्या मनात रंगत होते. स्नेहसंमेलनात प्रत्येक मुलाने गाण्याची एकेक ओळ म्हणायची होती. मी तिलाही एक ओळ दिली. पालक समोर बसलेले. तिची पाळी आली. ती उभी राहिली. मी हसून मान हलवत होते, 'म्हण, म्हण' करत होते. तिने माझ्याकडे पाहिले, आणि तिच्या नव्या परकरातून पाण्याची धार जमिनीवर ओघळली. मागून कोणीतरी हसले.

त्यानंतर मी तिच्याशी काही शहाणपणाने वागले असे नाही. मला तिच्याकडे पाहवेना, म्हणून मी तिचा नाद सोडला, इतकेच. होळीच्या सुमारास एक दिवस ती मणी ओवत बसली होती. शेजारच्या मुलाने तिचा दोरा ओढला. "ते माझं आहे," ती म्हणाली. मी फळा पुसत होते. वळून पाहिले नाही. ते वाक्य माझ्यासाठी नव्हते.

वाचक म्हणतील, चला, शेवट तरी गोड झाला. पण मी लेखिकाही आहे ना! त्या मुलीचे मौन मी उचलले आणि माझ्या पहिल्या कादंबरीच्या नायिकेला देऊन टाकले. भर सभेतली ती धारसुद्धा. परीक्षणकर्त्याने नेमक्या त्याच प्रकरणाची तारीफ केली. ते कात्रण मी अजून जपून ठेवले आहे, आणि ते वाचताना आपण दुसऱ्याच्या कनवटीचे पैसे मोजतो आहोत असे दर वेळी वाटते.

दोन वर्षांपूर्वी ती मला भेटली. तालुक्याच्या औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी होती. चेहरा मी लगेच ओळखला. तिने माझ्या गोळ्या पिशवीत घातल्या आणि म्हणाली, "काकू, सुटे आहेत का?" किती खणखणीत आवाज! मी नाव सांगितले नाही. ओळख दिली असती तर तिला काय आठवले असते? जाणकार सांगतात की मोठेपणी बहुतेकांना तीन-साडेतीन वर्षांपूर्वीचे काहीच आठवत नाही, आणि पुढच्या दोनतीन वर्षांतलेही तुटक तुटकच आठवते. म्हणजे आमची सारी नोकरी मुलाच्या विस्मरणाच्या मुलखात. हायस्कुलातल्या सरांना लग्नाच्या पत्रिका येतात, वाटेत थांबून लोक पाया पडतात. बोटात खडू धरायला कोणी शिकवले, हे कोणाला ठाऊक असते? २०२०च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांच्या या काळाला 'पायाभूत' म्हटले ते ठीकच; पण घर पाहायला आलेला पाहुणा रंगाची चौकशी करतो, पायाची करत नाही.

तेव्हा ज्या कारणाची फेड मुलाकडून व्हावी लागते, मग ती प्रेमाने असो, कृतज्ञतेने असो की नुसत्या आठवणीने, ते कारण घेऊन या मुलखात येऊ नये, असे मला वाटू लागले आहे. पोटासाठी आले तर त्यात मला कमीपणा दिसत नाही. पगार संस्था देते, मूल नव्हे. माझी दुपारच्या मोकळ्या वेळाची हावसुद्धा त्या मानाने निरुपद्रवी होती. खरी जोखीम त्या गजराची गोडी लागण्यात होती, आणि ती मला आत आल्यावर लागली. मग प्रश्न असा की जिला फेड नको, तिने यावेच कशासाठी? याचे उत्तर शोधू लागले की मला काही विचार सुचत नाही; सकाळी साडेदहाला खिडकीतून येणारे ऊन आणि दोरा तोंडात ओला करून मणी ओवणारी ती खाली घातलेली मान, एवढेच दिसते. हे शंभर शब्दांत कसे लिहायचे?

कोजागरीनंतर ती आळीतली मुलगी पुन्हा आली. मी कोरा कागद तिच्या हातात ठेवला आणि माझी खरी कारणे, दुपार, स्थळ, सारी सांगितली. ती पोट धरून हसली.

"हे लिहिलं तर घेतील का मला, मावशी?"

"नाही घेणार."

दुसऱ्या दिवशी जाता जाता दारातूनच ओरडून सांगून गेली, अर्ज भरला म्हणून. काय लिहिलेस, विचारले, दाखवला नाही. मुलाखत तुळशीच्या लग्नानंतर आहे.