पूजूं नये, म्हणून तोडावें काय?

पाठ : अनुवाद 20:19

शत्रूच्या नगरास वेढा घातला असतांही तेथील फळझाडांस कुऱ्हाड लावूं नये, अशी आज्ञा परमेश्वरानें इस्राएल लोकांस दिली. युद्धांतही जें वर्ज्य, तें शांततेच्या काळीं आपण कसें करावें?

आफ्रिकेंतील केनिया देशांत वांगारी माथाई नांवाच्या एक ख्रिस्ती बाई होऊन गेल्या (1940–2011). त्यांच्या घराजवळ उंबराच्या जातीचें एक विशाल झाड होतें व त्याच्या शेजारीं झरा वाहत असे. वांगारी लहानपणीं सरपणास निघे, तेव्हां आई बजावी कीं, त्या झाडाची काटकीही आणूं नको, तें देवाचें झाड आहे. किकुयू लोक अशा झाडांस पवित्र मानीत. पुढें देशांत मिशन आलें, शाळा आल्या, आणि झाडाचें भय गेलें. भय गेलें हें चांगलेंच झालें. परंतु त्याबरोबर आदरही गेला. नव्या मालकानें चहा लावण्यासाठीं तें झाड तोडिलें. झराही आटला. अशा वृक्षाचीं मुळें खडक भेदून खोल जातात व माती धरून ठेवितात, हें बाईंस पुढें उमगलें.

ता. 5 जून 1977 रोजीं त्यांनीं नैरोबी शहरांत सात झाडें लाविलीं. त्यांतील बहुतेक वाळलीं. तरी त्या खचल्या नाहींत. गांवोगांवच्या शेतकरी स्त्रियांस त्यांनीं रोपें करावयास शिकविलें. आणि अल्पसा मोबदला मिळे, तो लाविलेल्या रोपाचा नव्हे, जगलेल्या रोपाचा. (उपदेशक बंधूंनीं येथें क्षणभर थांबावें. आपल्या अहवालांत आपण कोणते आंकडे लिहितों?) 1999 सालीं करुरा येथील रान वांचवितांना त्यांच्या डोक्यास मार बसला. 2004 सालीं त्यांस शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें. तोंपर्यंत सुमारें 3 कोटी झाडें लागलीं होतीं.

आतां आपल्या शिवाराकडे पाहूं. बाप्तिस्मा घेतलेला कोणी बंधु म्हणेल, "मी त्या वडास आतां भीत नाहीं," आणि तें दाखविण्यासाठीं वड तोडील. लांकडाचे पैसे खिशांत घालून त्यास विश्वासाचें प्रमाण म्हणणें मला तरी जड जातें. शेजाऱ्यांचें मन दुखावतें तें निराळेंच. वड देव नव्हे, हें खरें. पण तो देवाच्या हातची कृति आहे. आदामास बागेंत ठेविलें तें तिची मशागत व राखण करावयास. आमोस संदेष्टा उंबरांची निगा राखी. जक्कयानें प्रभूस प्रथम पाहिलें तें उंबरावरूनच. काल जें झाड भयानें राखिलें, तें आज प्रीतीनें राखितां येत नसेल, तर आपली प्रीति भयाहूनही दुबळी ठरली.

म्हणून पावसाळ्यापूर्वीं उपदेशकांनीं मंडळीस घेऊन बांधाबांधानें फिरावें. एखाद्या झाडाचा सौदा ठरत असल्यास मालकाशीं बसून बोलावें. आणि तो मुलीच्या लग्नासाठीं अगर सावकाराच्या तगाद्यामुळें विकीत असेल, तर त्यास वचन वाचून दाखविण्याआधीं त्याची नड मंडळीनें ऐकून घ्यावी.