परतीचे वचन

पर्यटक व्हिसाचा अर्ज कोणत्याही देशाचा असो, त्यातले रकाने आणि जोडपत्रे एकेक करून बाजूला सारत आपण गाभ्यापाशी पोहोचलो की तिथे एकच प्रश्न उभा दिसतो, आणि तो परतण्याविषयीचा असतो. का निघालात, कुठे उतरणार, खर्च कोण करणार, हा सगळा त्या एका प्रश्नाचाच परिवार. परक्या भूमीवर पाऊल ठेवण्याची अनुज्ञा मागणाऱ्याने आधी सांगायचे असते की ते पाऊल तिथून माघारी कसे वळणार आहे. या परतण्याचे चिंतन मी पुष्कळ वर्षे करीत आलो आहे, आणि ते आज आपल्यापुढे सावकाश मांडावेसे वाटते.

मनमाडात राहणाऱ्याला या चिंतनासाठी दूर जावे लागत नाही. मुंबई-भुसावळ मार्गावरचे हे जंक्शन, इथून एक फाटा दौंडकडे आणि दुसरा नांदेडकडे वळतो. साईबाबांच्या दर्शनाला निघालेला यात्रेकरू इथे उतरून शिर्डीची वाट धरतो, नांदेडच्या हुजूर साहिबकडे निघालेला शीख भाविक इथल्या गुप्तसर गुरुद्वाऱ्यात विसावतो, आणि बहुतेकांच्या खिशात परतीचे आरक्षण असते. रेल्वेच्या ज्या कारखान्यात पुलांचे गर्डर घडतात तिथे, किंवा अन्न महामंडळाच्या विस्तीर्ण गोदामांत, ज्यांचे आयुष्य गेले त्यांच्यापैकी कितीतरी जणांची मुले आज सातासमुद्रापार आहेत. त्यामुळे ज्यांनी जन्मभर इतरांच्या गाड्यांची ये-जा पाहिली ते आईवडील आता नातवंडाचे तोंड पाहण्यासाठी स्वतः अर्ज भरतात, पहाटे पंचवटी एक्सप्रेस धरून मुंबईला जातात, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीच्या खिडकीपुढे दोन-चार मिनिटे उभे राहतात आणि रात्री त्याच गाडीने घरी येतात.

त्या दोन-चार मिनिटांत काय घडते? अमेरिकेच्या १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यातले २१४ (बी) हे कलम असे सांगते की पर्यटक म्हणून येऊ पाहणारा प्रत्येक अर्जदार कायमचा राहण्याच्या हेतूनेच येत आहे असे अधिकाऱ्याने गृहीत धरावे, आणि तसे नाही हे पटवून देण्याचा भार अर्जदाराने वाहावा. हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या मनाला लागते; ज्याने आयुष्यात कुणाचा पैसा बुडवला नाही त्याच्याकडे आधीच संशयाने का पाहावे, असे वाटते. पण थोडे थांबून पाहिले तर हा संशय कुणा एकावर नसतो. दारावर उभ्या असलेल्या माणसाला आपल्या अंतःकरणात उतरता येत नाही, आणि परतणे ही अजून न घडलेली गोष्ट असल्यामुळे तिचा पुरावा कुणाकडेच नसतो. म्हणून पेन्शनचा कागद, सातबारा, घरपट्टीची पावती, बँकेचे पासबुक, मागे राहिलेल्या माणसांची नावे अशी सगळी तयारी आपण करतो. अधिकारी त्यातले काही पाहील, काही पाहणारही नाही, कारण तिथे कागदापेक्षा सरळ उत्तराला अधिक वजन असते. मुलाकडे जातो आहोत, अमुक महिने राहू, मग घरी येऊ, हे जसे आहे तसे सांगावे. मुलगा तिथे असल्याचे लपवून केवळ स्थळदर्शनाला निघाल्याचे सांगण्याचा सल्ला देणारे लोक भेटतात. त्यांचे ऐकू नये, कारण ज्या वचनाच्या आरंभीच असत्य मिसळले त्यावर कोण विसंबणार?

वचनाचा विषय निघाला की माझी दृष्टी आपोआप अंकाईकडे वळते. मनमाडच्या दक्षिणेला उभ्या असलेल्या अंकाई-टंकाई या जोडकिल्ल्यांपैकी अंकाईच्या माथ्यावर अगस्ती मुनींचे स्थान आहे, आणि अगस्तींची जी कथा पुराणांनी जपली ती मुळात परतण्याचीच कथा आहे. विंध्य पर्वत मेरूच्या ईर्ष्येने वाढत गेला, सूर्याची वाट अडली, देव चिंतेत पडले. तेव्हा अगस्ती दक्षिणेकडे निघाले, गुरू समोर आलेले पाहून विंध्य नतमस्तक झाला, आणि मुनी म्हणाले, मी परत येईपर्यंत असाच राहा. ते परतले नाहीत, आणि विंध्य आजही वाकलेलाच आहे. अनेकांना यात मुनींचे चातुर्य दिसते. मला मात्र पर्वताचा विश्वास अधिक मोठा वाटतो: एका माणसाच्या परतण्याच्या शब्दावर त्याने आपली उंची खाली ठेवली. कोणताही देश पाहुण्यासाठी आपली सीमा क्षणभर खाली घेतो तेव्हा तोही अशाच शब्दावर विसंबलेला असतो. फरक इतकाच, आणि तो फार मोठा आहे, की अगस्ती परतले नाहीत म्हणून उत्तर-दक्षिणेची वाट सर्वांसाठी मोकळी राहिली, आणि आपल्यासारखा यात्रिक मुदत संपूनही परतला नाही तर त्याच्या मागून येणाऱ्यांसाठी तोच पर्वत पुन्हा ताठ उभा राहतो. ऋषीने लोकांसाठी न परतणे स्वीकारले. आपल्याला लोकांसाठीच परतायचे आहे.

हे परतणे नेहमीच परक्या दारावर तपासले जात असे, असेही नाही. आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा आजच्यासारखा व्हिसा नव्हता. प्रवासासाठी पासपोर्ट सर्रास आवश्यक झाले ते पहिल्या महायुद्धानंतर. पण अनुज्ञा त्यांनाही मागावी लागलीच, आणि ती स्वकीयांकडे. समुद्र ओलांडणाऱ्याला पुन्हा पंक्तीत घ्यायचे की नाही, हा त्या काळचा खडा सवाल होता, आणि निघण्यापूर्वी फेब्रुवारीत श्रीरामपूरच्या महाविद्यालयात केलेल्या भाषणात त्या सतरा वर्षांच्या मुलीने जाहीरपणे सांगितले की आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊन इथे राहू. आज परका देश विचारतो, तुम्ही नक्की परत जाल ना. तेव्हा आपला देश विचारत होता, तुम्ही जशा गेलात तशाच परत याल ना. आनंदीबाईंनी फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ मध्ये पदवी घेतली, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्या क्षयाने पोखरलेल्या देहानिशी मुंबईत उतरल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्यांचा देहान्त झाला. ज्या थिओडिशिया कार्पेंटर बाईंनी त्यांना अमेरिकेत मुलीसारखे सांभाळले, त्यांच्याकडे नंतर आनंदीबाईंची रक्षा पाठवण्यात आली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ती ठेवली गेली. शब्द पाळून परतलेल्या माणसाला यजमानाच्या भूमीनेही आपले मानले, ही गोष्ट आठवली की माझा कंठ दाटतो.

आता परतण्याचे जे अंग रोजच्या व्यवहारात सर्वाधिक चुकते, ते म्हणजे त्याचे मोजमाप. पासपोर्टवर चिकटवलेल्या अमेरिकी व्हिसावर दहा वर्षांपुढची तारीख छापलेली असू शकते; ती दारापर्यंत येण्याची मुदत असते, आत राहण्याची नव्हे. व्हिसा हाती असला तरी प्रवेशाचा अंतिम निर्णय विमानतळावरचा अधिकारी करतो, आणि किती दिवस राहता येईल हेही तोच ठरवतो, बहुधा सहा महिन्यांपर्यंत. तो दिवस आय-९४ या नोंदीत असतो. ती संकेतस्थळावर जाऊन ताबडतोब पाहून ठेवावी. युरोपातल्या शेंगेन देशांचे गणित वेगळे, कोणत्याही १८० दिवसांच्या अवधीत ९० दिवस, आणि ही खिडकी रोज एकेक दिवसाने पुढे सरकत असल्यामुळे महिने धरून हिशेब करणारा फसतो. अमेरिकेत मुदतीपेक्षा १८० दिवसांहून अधिक काळ राहून मग निघालेल्याला तीन वर्षे, आणि वर्षभर किंवा त्याहून अधिक राहिलेल्याला दहा वर्षे पुन्हा प्रवेश मिळत नाही. प्रकृतीमुळे किंवा सुनेच्या बाळंतपणामुळे थांबणे खरोखरच भाग पडले, तर मुदत संपण्याआधी वाढीचा रीतसर अर्ज करण्याची सोय त्या कायद्यातच आहे.

मोजून राहायचे आणि मोजलेल्या दिवशी उठायचे, हे आपल्याला वारीने शिकवले आहे. आषाढी एकादशीला पंढरीत पोहोचलेला वारकरी तिथे वस्ती करीत नाही. पौर्णिमेचा काला झाला की पालख्या माघारी फिरतात, आणि ज्या वाटेने लाखोंचा समुदाय आला त्या वाटेने थोडी माणसे भराभर चालत निघतात. परतवारीला तितके कौतुक लाभत नाही, तिची छायाचित्रे फारशी छापली जात नाहीत, पण ती झाल्याशिवाय वारी पुरी होत नाही, कारण जे पांडुरंगाजवळ मिळाले ते शेताच्या बांधावर, चुलीपाशी, गावच्या पारावर पोहोचवायचे असते. पाय जाताना देवाचे असतात. परतताना ते गावाचे होतात, आणि माझ्या मते दुसरे पहिल्याहून कठीण आहे.

हे काठिण्य मुलांकडे गेलेल्या वडीलधाऱ्यांना चांगले कळते. सहा महिन्यांत नातू आजोबांच्या हाताला सरावलेला असतो, आजीच्या हातच्या वरणभाताची त्या घराला सवय झालेली असते, आणि इकडे मनमाडच्या घराला कुलूप, उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण, दुखले-खुपले तर शेजारच्यांना हाक मारावी लागणार. अशा वेळी मुलगा म्हणतो, राहा ना अजून. त्या वेळी वकिलातीच्या खिडकीपुढे दिलेला शब्द आठवावा. अधिकारी तो विसरला असेल, आपण नाही. शिवाय मुलाचा आग्रह निर्मळ असला तरी त्याचा स्वतःचा तिथला निवासही नियमांवर उभा असतो, आणि आईवडिलांच्या निष्काळजीपणाने त्या घरावर एखादी अडचण यावी, असे कोणत्या आईवडिलांना वाटेल? म्हणून ठरल्या तारखेच्या आठ-दहा दिवस आधीचेच तिकीट काढावे, विमान रद्द झाले तरी हाताशी दिवस राहतात.

परतलेल्याला हे वचन पुढे काय देते, तेही पाहण्यासारखे आहे. युरोपीय आयोगाने एप्रिल २०२४ मध्ये भारतीयांसाठी नवा क्रम ठरवला: मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा मिळवून ते नियमाप्रमाणे वापरलेल्या माणसाला दोन वर्षांचा, कितीही वेळा ये-जा करता येईल असा व्हिसा मिळू शकतो, आणि त्यानंतर पासपोर्टची मुदत पुरेशी असेल तर पाच वर्षांचा. तेव्हा शिक्के असलेला जुना पासपोर्ट रद्द झाला म्हणून अडगळीत टाकू नये. त्याच्यात वैध अमेरिकी व्हिसा असेल आणि तो फाटला-खराब झाला नसेल, तर नव्या पासपोर्टसोबत तो घेऊन प्रवास करता येतो. दोन्ही एकत्र ठेवावेत, आणि पुढच्या अर्जाच्या वेळी आधीच्या प्रत्येक परतीची तारीख त्यातूनच उतरवून घ्यावी.