फ्रँचायझी, फी आणि विद्याविक्रय

शिक्षणाची फ्रँचायझी घेणाऱ्याच्या हाती तीन गोष्टी येतात: नाव, तयार अभ्यासक्रम आणि ठरावीक भागात ते वापरण्याचा हक्क. त्यासाठी सुरुवातीला एकरकमी शुल्क भरावे लागते आणि पुढे जमलेल्या फीतला काही टक्के हिस्सा रॉयल्टी म्हणून मूळ कंपनीला जातो. बालवाड्या, अबॅकस, इंग्रजी संभाषणाचे वर्ग, स्पर्धा परीक्षांचे क्लास यांतले पुष्कळसे याच रीतीने चालतात. भारतात फ्रँचायझीचा स्वतंत्र कायदा नाही. १८७२ च्या करार कायद्यावर काम भागते. मात्र विद्या विकावी का, आणि विकली तर कोणत्या अटीवर, याचे उत्तर करारनाम्यात मिळत नाही.

धर्मशास्त्राचे उत्तर वरवर पाहता कडक आहे. श्राद्धाला कोणाला बोलावू नये याची मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात जी यादी आहे, तीत पगार घेऊन शिकवणारा आणि असा पगार देऊन शिकणारा असे दोघेही बसतात. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’तही केवळ पोटासाठी विद्या वापरणाऱ्याला ज्ञानाचा व्यापारी म्हटले आहे. पण हीच मनुस्मृती दुसऱ्या अध्यायात, शिक्षण संपल्यावर शिष्याने गुरूला जमीन, सोने, गाय, नाहीतर छत्री, पादत्राणे, धान्य, अगदी भाजीसुद्धा द्यावी असे सांगते. गुरूने उपाशी राहावे अशी अपेक्षा कोणाचीच नव्हती. भाष्यकार मेधातिथीने हा पेच सोडवला आहे: शिकवण्याबद्दल काही स्वीकारणे हा दोष नव्हे, ‘इतके दिलेस तरच शिकवीन’ असा सौदा करणे हा दोष. दक्षिणा शेवटी येते, शिष्याच्या ऐपतीप्रमाणे येते. फी आधी येते आणि सगळ्यांना सारखी असते. नैतिक फरक या क्रमात आहे.

ग्रीसमध्येही हाच वाद झाला. सॉक्रेटिस पैसे घेत नसे आणि घेणाऱ्या सोफिस्ट शिक्षकांवर प्लेटोचा रोख असे. तरीही प्लेटोच्याच संवादात प्रोटागोरस हा सोफिस्ट आपली पद्धत सांगतो ती विचार करण्याजोगी आहे. फी जास्त वाटली तर शिष्याने देवळात जावे, शिकवणीचे मोल आपल्या मते किती ते शपथेवर सांगावे आणि तेवढेच द्यावे. आजच्या किती क्लासचालकांना हा नियम परवडेल?

महाराष्ट्रात त्यागाचा मार्गही आजमावून झाला. १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली ती अल्प वेतनावर राबणाऱ्या आजीव सदस्यांच्या बळावर. सदस्यांनी बाहेर मिळवलेला पैसा कोणाचा, यावरून तिथेही मतभेद विकोपाला गेले आणि १८९० मध्ये टिळक संस्थेतून बाहेर पडले. थोडक्यात, हिशेबाचा प्रश्न निःस्वार्थी माणसांनाही चुकला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या टी. एम. ए. पै खटल्यात मधली वाट धरली: शिक्षणसंस्था चालवणे हा व्यवसाय असू शकतो, संस्थेच्या वाढीसाठी वाजवी शिल्लक राहिली तर हरकत नाही, नफेखोरी मात्र नको.

फ्रँचायझीच्या पहिल्या वर्षात ‘वाजवी शिल्लक’ हा शब्दप्रयोग जवळजवळ विनोदी ठरतो. समजा, भाड्याच्या बंगल्यात बालवाडी सुरू झाली आणि २० मुले आली. वार्षिक फी ३०,००० रुपये, म्हणजे जमा ६ लाख. भाडे महिना २५,०००, वर्षाचे ३ लाख. दोन शिक्षिकांना प्रत्येकी १२,००० आणि मुलांना सांभाळणाऱ्या मावशींना ८,००० धरले तर वर्षाला ३ लाख ८४ हजार. इथेच ८४ हजारांची खोट आली. रॉयल्टी १५ टक्के असेल तर आणखी ९० हजार जातात, कारण ती बहुधा नफ्यावर नव्हे, जमा फीवर आकारली जाते. खेळणी, वीज, जाहिरात अजून धरलेलीच नाही.

ही खोट कुठून तरी भरून काढावी लागते, आणि धर्माधर्माचा खरा प्रश्न तिथे उभा राहतो. भाडे थांबत नाही, रॉयल्टी करारात आहे. थांबतो तो शिक्षिकेचा पगार. मग अनुभवी बाई सोडून जातात, त्यांच्या जागी महिन्याभराचे प्रशिक्षण घेतलेली मुलगी येते. भिंतीवरचे नाव तेच राहते. चौकशीला आलेल्या पालकांना मुख्यालयाचे चकचकीत माहितीपत्रक दाखवून वर्षाची फी एकदम घेतली जाते. केंद्रचालक इथे शिकवणारा नाही आणि अभ्यासक्रम रचणाराही नाही. तो दुसऱ्याच्या लौकिकावर तिसऱ्याच्या मुलाविषयी वचन देतो. मेधातिथीच्या काळी सौदा निदान शिकवणाऱ्याशीच होता.

म्हणून फी घेतल्याचा दोष केंद्रचालकाला लावणे अन्यायाचे होईल. जे अजून उभे नाही त्याची फी घेणे हा दोष आहे. तो टाळता येतो. फी तिमाहीने घ्यावी, मूल मध्येच काढले तर उरलेली परत करावी, वर्गावर कोण शिकवते हे पालकांना नावानिशी सांगावे आणि महिन्याच्या जमेतून पहिला हक्क शिक्षिकेच्या पगाराचा मानावा. मूळ कंपनीवरही जबाबदारी येते. पहिल्या वर्षी तोट्यातल्या केंद्राकडून जमा फीवर पूर्ण रॉयल्टी घेणारी कंपनी शिक्षिकेच्या पगारातूनच आपला वाटा उचलते. असा करार कायदेशीर असला तरी त्यावर सही करू नये.