‘मंदीर’चा अर्धा गुण

भाची जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. रविवारी ती सातवीच्या वह्यांचा गठ्ठा घेऊन आली आणि एक वही माझ्यापुढे सरकवून म्हणाली, ‘‘मामा, याचा अर्धा गुण कापू का?’’

पोराने ‘मंदीर’ लिहिले होते. माझी ३६ वर्षे मुद्रिते तपासण्यात गेली. मला हे विचारायचे म्हणजे मांजराला दुधाचे विचारण्यासारखेच.

‘‘काप. फ्लेक्सवर ‘हार्दीक’, बंगल्यावर ‘आशिर्वाद’, आता वहीत ‘मंदीर’. लिहिणाऱ्यानं आळस करायचा आणि वाचणाऱ्यानं ठेचा खायच्या?’’

‘‘ठेच तुला लागते. पाटीवर ‘मराठी भाषा गौरव दीन’ दिसलं की तू हसतोस. म्हणजे ‘दिन’ म्हणायचं होतं हे तुला कळलेलं असतंच ना? मोडीत तर वेलांटी एकच, उकारही एकच. त्यात पेशव्यांचं दप्तर चाललं.’’

मोडीचे उत्तर मी दिले. कारकून कारकुनासाठी लिही, छापील मजकूर अनोळखी माणसाकडे जातो. तिने मान डोलावली, पण वही मागे घेतली नाही.

‘‘बरं, नियम सांग.’’

‘‘मराठी शब्द अकारान्त असेल, तर शेवटून दुसऱ्या अक्षरातला इकार-उकार दीर्घ. वकील, खीर, फूल, माणूस. तत्सम शब्द मात्र संस्कृतात असतील तसे. म्हणून मंदिर, गुण, विष.’’

‘‘म्हणजे यानं नियम पाळला. सवलत त्याला माहीत नव्हती.’’

‘‘सवलत नाही, अपवाद.’’

‘‘सवलतच. संस्कृतातून आलास, तर मराठीचा नियम तुला लागू नाही. मामा, उच्चार आपण दोघंही ‘मंदीर’च करतो. कान दीर्घ सांगतो, नियम दीर्घ सांगतो. ऱ्हस्व लिहायचं तर आधी शब्दाची जात विचारावी लागते.’’

‘‘जात नव्हे, कूळ.’’

‘‘बरं, कूळ. या पोरानं ते कुणाला विचारायचं?’’

‘‘कोश बघावा.’’

‘‘त्याच्या घरात कोश आहे? आणि कूळ कळून तरी काय? शरीर संस्कृत, मंदिरही संस्कृत. एक दीर्घ, एक ऱ्हस्व. म्हणजे नुसतं कूळ पुरत नाही, त्या घरातला एकेक माणूस ओळखीचा हवा. ज्यांचं तिथं जाणं-येणं आहे त्यांना हे फुकट मिळतं. बाकीच्यांनी पाठ करायचं.’’

इथे मी अडलो. खरे तर अजून तिथेच आहे. पाठांतर कुठे चुकत नाही, असे काहीतरी म्हणालो. इंग्रजीत न उच्चारली जाणारी अक्षरे आपली पोरे निमूट घोकतातच की.

‘‘परक्याच्या घरी पानात पडेल ते खावं लागतं. आपल्या घरात तरी मीठ जास्त झालंय म्हणू दे.’’

‘‘म्हण ना. नियम बदलतात. साहित्य महामंडळाचे १४ नियम सरकारनं १९६२ मध्ये मान्य केले, १९७२ मध्ये आणखी ४ आले. ‘कवि’चा ‘कवी’ झाला, न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. पण बदलेपर्यंत पाळायचे.’’

‘‘आजीच्या पत्रांत ‘घरीं’ असायचं, ‘नांव’ असायचं. १९६२ नंतर तिचं मराठी बिघडलं का?’’

आईची पत्रे मी कधी तपासली नाहीत. डोळा अडायचा, हेही खरे. ते तिला सांगितले नाही. उलट चिडलो.

‘‘तुला हे सगळं बोलता येतं, कारण तुला ‘मंदिर’ येतं. तू ‘मंदीर’ लिहिलंस तर लोक बंड म्हणतील, त्यानं लिहिलं तर अडाणी म्हणतील. निबंधमालेत चिपळूणकरांनी फुल्यांच्या व्याकरणाची टिंगल केली. फुले तिला पुरून उरले. हा पोरगा उद्या स्पर्धा परीक्षेला बसेल, पुढ्यात प्रश्न येईल, ‘शुद्ध शब्द ओळखा’. आज सोडलेला अर्धा गुण तू तिथं भरून देणार आहेस?’’

ती पहिल्यांदाच गप्प झाली. मला बरे वाटले, हे कबूल करतो.

मग म्हणाली, ‘‘म्हणजे पहारा चुकीचा असला तरी आत जायचा परवलीचा शब्द त्याला सांगून ठेवायचा.’’

‘‘हो.’’

‘‘मग मी मराठी शिकवते असं का म्हणायचं?’’

यावर मला काही सुचेना, म्हणून मी वहीत डोके घातले. जुन्या सवयीने बोट ओळीवरून फिरू लागले आणि चार ओळींवर थांबले.

‘‘हे बघ. ‘गरिब’. हा तर अरबी शब्द, मराठीत रुळलेला. नियमानं दीर्घ. कुठं गेला तुझा नियम पाळणारा?’’

तिने वही डोळ्यांजवळ नेली. ‘‘‘गरिबी’, ‘गरिबांना’, ‘गरिबाच्या’, तिथं ऱ्हस्वच असतं ना? तेच त्यानं वाचलं असणार. नुसता ‘गरीब’ धड्यात आलाच नसेल.’’

‘‘धडा दाखव.’’

पुस्तक तिने आणले नव्हते.