उतारशाळेचा रक्षक

शास्त्रपाठ : लूक १०:२५–३७



लूककृत शुभवर्तमानाचे भाषांतर पडताळताना ‘उतारशाळा’ या शब्दापाशी माझी लेखणी थांबते. मराठीत हा एकच शब्द. मूळ ग्रीकमध्ये मात्र दोन आहेत. बेथलेहेमात मरिया व योसेफ यांना जागा मिळाली नाही ते ‘काटालुमा’, म्हणजे पाहुण्यांची खोली. शोमरोन्याने जखमी वाटसरूला नेले ते ‘पांडोखेइऑन’, म्हणजे सर्वांचा स्वीकार करणारे घर.

या दोन शब्दांमधील अंतर मुंबईत परळला दिसते. १९४१ साली सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात देशभरातून कर्करोगग्रस्त मुले येतात. रक्ताच्या कर्करोगाचा उपचार पुष्कळदा दोन वर्षांहून अधिक चालतो. औषधांनी बालकाची प्रतिकारशक्ती क्षीण होते. अशा वेळी पदपथावरची धूळ व अशुद्ध पाणी जिवावर बेतते. पैसे संपले की काही आईबाप उपचार अर्धवट टाकून गावी परततात.

परंतु दारे उघडणारेही आहेत. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा रुग्णांना व नातलगांना आसरा देत आली आहे. २००६ साली मुंबईत आरंभ झालेल्या सेंट ज्यूड संस्थेच्या केंद्रांत अशी कुटुंबे विनामूल्य राहतात. तेथे आई स्वतः चूल सांभाळते. लेकराला आवडेल ते रांधता येणे हेही तिचे सांत्वनच.

मी एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी एका दांपत्याने आजारी मुलीसाठी आमच्या मंडळीच्या आवारातील रिकामी खोली मागितली. ‘पुढील सभेत विचार करू,’ असे आम्ही पंचांनी ठरविले. त्या पंचांत मीही होतो. सभा भरली तेव्हा ते गावी निघून गेले होते. त्या मुलीचे पुढे काय झाले हे मला कळले नाही.

शोमरोन्याने एक रात्र शुश्रूषा केली, दोन दिनार दिले व तो मार्गस्थ झाला. पुढील दिवस त्या रक्षकाने सांभाळले. आपण शोमरोन्यावर पुष्कळ उपदेश ऐकतो. रक्षकाचे स्मरण क्वचितच करतो. करुणा क्षणात उपजते, परंतु दीर्घ आजाराला दीर्घ आतिथ्य लागते.

वाचकहो, तुम्ही मुंबईत असा, इंदुरात असा वा हैदराबादेत. जवळच्या रुग्णालयाबाहेर आज कोण निजले आहे? आपल्या आवारातील कोणत्या खोलीला कुलूप आहे? किल्ली कोणाजवळ आहे?

हे प्रभो, ज्या तुला जन्मसमयी जागा मिळाली नाही, त्या तुला आमच्या दारी ओळखण्याची दृष्टी दे. आमेन.